आधी माप, मग माल

"गाडी सुरू होत नाहीये," असा फोन आला की गाडी कुठली, किती जुनी, हे मी नंतर विचारतो. पहिला प्रश्न ठरलेला: "सेल्फ मारल्यावर आवाज कसा येतोय?" समोरचा माणूस वैतागतो. त्याला कामावर पोचायचं असतं, पोरांना शाळेत सोडायचं असतं, आणि हा वायरमन आवाजाची चौकशी करत बसलाय. पण "कट-कट-कट-कट असा येतोय", "एकदाच टक होतं आणि गप्प" किंवा "आवाजच नाही, नुसते मीटरचे दिवे लागतात" यांपैकी एक उत्तर मिळालं, की निघताना पिशवीत काय टाकायचं ते मला समजतं.

नाशिकला मुंबई-आग्रा रस्त्यालगत, द्वारका चौकाच्या बाजूला आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं काम चालतं. या पट्ट्यात गॅरेजांना तोटा नाही. द्राक्षांच्या हंगामात पिंपळगावकडच्या पिकअप येतात, कांद्याचे टेम्पो येतात, कसारा घाट चढून आलेल्या टॅक्स्या येतात, आणि सोसायटीत कव्हर घालून महिनामहिना उभ्या ठेवलेल्या गाड्यांचे मालकही येतात. इंजिनाचा फिटर वेगळा, डेंटर वेगळा, टायरवाला वेगळा. वायरी, बॅटरी, सेल्फ, अल्टरनेटर हे आमचं खातं. या खात्यात कायम येणारी आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त चुकीच्या पद्धतीने दुरुस्त होणारी तक्रार एकच: आवाज येतो, पण इंजिन फिरत नाही.

हा आवाज कुठून येतो ते आधी सांगतो. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून देणारी मोटर, फिरताना शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. एवढा करंट चावीच्या स्विचमधून नेला तर स्विच वितळेल. म्हणून सेल्फच्या पाठीवर सोलेनॉइड बसवलेला असतो. चावी फिरवली की एका बारीक वायरीतून सोलेनॉइडच्या गुंडाळीत करंट जातो आणि लोखंडी प्लंजर आत खेचला जातो. त्या एका हालचालीत दोन कामं होतात. पुढच्या बाजूला पिनियन सरकून फ्लायव्हीलच्या दात्यांत बसतं, आणि मागच्या बाजूला तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर आदळून बॅटरीचा करंट मोटरला सोडते. आपण ऐकतो तो "टक" या प्लंजरचा.

त्यामुळे टक ऐकू आला की गिऱ्हाईक घाबरतं आणि मला बरं वाटतं. चावी, स्विच, क्लचखालचा स्विच, फ्यूज, रिले, बारीक वायर हे सगळं शाबूत आहे, असं त्या आवाजाने सांगून टाकलेलं असतं. आता शोधायचं ते बॅटरीपासून मोटरपर्यंतच्या जाड रस्त्यावर. फक्त टक कुठून आला ते नीट ऐकावं लागतं. फ्यूज बॉक्समधून येणारा नाजूक "टिक" रिलेचा असतो. तो आला आणि खालून जाड टक आला नाही, तर करंट सोलेनॉइडपर्यंत पोचतच नसेल. पुष्कळदा उंदरांनी वायर कुरतडलेली सापडते. म्हणून बॉनेट उघडलं की मी एका माणसाला चावीवर बसवतो आणि स्वतः कान खाली नेतो.

कट-कट-कट असा भराभर आवाज बहुधा दुबळ्या बॅटरीचा. प्लंजर खेचायला लागतो तेवढा करंट ती कसाबसा देते. चकती बोल्टांना टेकते, मोटर आपला शंभर अँपिअरचा वाटा मागते, आणि बॅटरीचं व्होल्टेज धाडकन खाली येतं. प्लंजर धरून ठेवण्याइतकाही जोर उरत नाही, स्प्रिंग त्याला मागे ढकलते. चकती सुटली की मोटरचा भार उतरतो, व्होल्टेज परत चढतं, प्लंजर पुन्हा आत जातो. चावी धरून ठेवाल तोवर हेच चक्र चालू राहतं. बॅटरीत जीव असतो, पण काम करण्याइतका नसतो.

अशा वेळी मीटर लावायचा तो दोनदा. एकदा गाडी शांत असताना. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे अर्धी उतरलेली, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. पण या आकड्यावर थांबणारा माणूस फसतो. 12.5 दाखवणारी म्हातारी बॅटरी सेल्फ मारताच 7 वर कोसळते. खरं माप सेल्फ मारत असतानाचं. 9.6 च्या खूप खाली गेली की आधी ती पूर्ण चार्ज करायची, पुन्हा मोजायचं, आणि तरीही कोसळली तरच बदला म्हणायचं. चार्ज न करताच "बॅटरी गेली" हा निकाल देणं म्हणजे उपाशी माणसाला आजारी ठरवणं झालं.

डिसेंबर-जानेवारीत हे फोन वाढतात. आमच्याकडे निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो, आणि लोक थंडीला दोष देतात. बॅटरीला खरं मारतो तो मे महिना. उन्हाने आतली रासायनिक क्रिया जोरात चालते, पाणी उडतं, प्लेटांच्या जाळ्या गंजतात. तेव्हा कळत नाही, कारण गरम इंजिन फिरवायला जोर कमी लागतो. थंडीत तेल घट्ट होतं, इंजिन जड फिरतं आणि नेमकी तेव्हाच बॅटरीची ताकद घटते. मेमध्ये झालेलं नुकसान पौषात उघडं पडतं.

2020 च्या लॉकडाउननंतर तर आम्ही बॅटऱ्यांतच बुडालो होतो. गाडी उभी असली तरी घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर थोडा थोडा करंट खात असतात. धडधाकट गाडीत हे खाणं 50 मिलिअँपिअरच्या आत असतं. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम किंवा जीपीएस चुकीच्या वायरीला जोडलेला असेल तर ते कितीतरी वाढतं. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर तीही काही दिवसांत उतरणार.

माझे उस्ताद मीटर क्वचितच हातात घेत. त्यांचं हत्यार म्हणजे होल्डरमधला बारा व्होल्टचा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी. पण त्यांनी शिकवलेली पहिली तपासणी त्या बल्बाशिवायच होते. ते म्हणत, "बत्ती लाव आणि सेल्फ मार." हेडलाइट लावून भिंतीसमोर गाडी उभी असेल तर तुम्हालाही हे जमेल. सेल्फ मारताना बत्ती पार मंदावली आणि कट-कट झालं, तर बॅटरी दुबळी किंवा टर्मिनल सैल. एकच टक झाला आणि बत्ती जशीच्या तशी लख्ख राहिली, तर मोटरकडे करंट जातच नाहीये: सोलेनॉइडची चकती जळलेली किंवा मोटरचे कार्बन झिजलेले. एकच टक झाला आणि बत्ती एकदम बसली, तर करंट जातोय पण मोटर फिरू शकत नाही. मग एक तर सेल्फ जाम आहे किंवा इंजिन. बॅटरी चांगली आहे एवढी खात्री करून घेतली, की या एका तपासणीने निम्मा गोंधळ मिटतो.

उस्तादांची पिढी हँडल मारलेली. चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ 1912 च्या कॅडिलॅकवर आला, पण आपल्याकडे अँबॅसिडर आणि जुन्या जीपांबरोबर हँडल कितीतरी वर्षं मिळत राहिलं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, पलीकडून वळवायचा नाही, हे ते दटावून सांगत. कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा किंवा मनगट जायचं. हँडलमुळे एक गोष्ट हाताला लगेच कळायची: इंजिन मोकळं आहे की जाम. आता तेच काम क्रँक पुलीच्या बोल्टावर पाना लावून करावं लागतं, आणि ते करायचा कंटाळा केला की पुढचं सगळं निदान अंदाजावर चालतं.

त्यांची एक सवय मात्र आम्ही सोडली. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून डायनमो चालतो का ते ते बघत. आजच्या गाडीत असं केलं तर अल्टरनेटरचं व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरचा डायोड किंवा हजारो रुपयांचा कॉम्प्युटर जळू शकतो. अल्टरनेटर बघायचा तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावावा. साधारण 13.8 ते 14.4 दिसलं की चार्जिंग ठीक.

निदानाची खरी परीक्षा कुठे लागते ते दिंडोरीकडच्या एका काकांच्या गाडीवरून सांगतो. काका बॉनेटला टेकून उभे होते. "भाऊ, ही दुसरी नवी बॅटरी. सेल्फही भरून आणला. तरी टकच. आता गाडीच फुकून टाकतो." बॅटरी खरोखर नवी होती, व्होल्टेज 12.6. मी मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेवलं आणि हाताखालच्या पोराला म्हटलं, "मार सेल्फ." एकाच अर्थच्या, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेच्या, दोन टोकांमध्ये फरक जेमतेम 0.2 व्होल्ट हवा. मीटर 4 च्या पुढे गेला. बॅटरीच्या बारापैकी चार व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्च होत होते. तेवढ्यात पोरगा म्हणाला, "उस्ताद, क्लचची वायर तापलीये." तापणारच. करंटला इंजिनातून बॅटरीकडे परत जायचा राजरस्ता बंद झाला की तो मिळेल त्या धातूतून वाट काढतो, मग ती क्लचची केबल का असेना.

मी विचारलं, "काका, डेंटिंग-पेंटिंग केलंय का एवढ्यात?" केलं होतं. अर्थची पट्टी बॉडीला जिथे बोल्टाने कसतात तिथे नवा रंग चढला होता आणि पट्टी त्या रंगावरच आवळलेली होती. जंपर केबल बॅटरीच्या मायनसवरून थेट इंजिनाला टेकवली. पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली. मग बोल्ट काढला, पॉलिश पेपरने लोखंड पांढरं केलं, पट्टी कसली, वरून ग्रीस लावलं. काकांनी जुनी बॅटरी आधीच दुकानात जमा केली होती. ती चांगली होती की नव्हती, हे आता कोणाला कळणार नाही.

एकदाच येणाऱ्या टकची दुसरी नेहमीची जात म्हणजे गरम गाडीची. सकाळी एका चावीत सुरू होणारी टॅक्सी घाट चढून आली, प्रवासी चहाला उतरले, आणि परत निघताना नुसता टक. अर्ध्या तासाने पुन्हा ठीक. ड्रायव्हर म्हणतो, "भाऊ, हिच्यात भूत शिरलंय." भूतबीत काही नसतं. तांबं तापलं की त्याचा विरोध दर अंशाला साधारण 0.4 टक्क्याने वाढतो. इंजिनाला चिकटून बसलेला सोलेनॉइड साठ अंशांनी जास्त तापला तर गुंडाळीतला विरोध जवळजवळ चतुर्थांशाने वाढतो आणि प्लंजरचा जोर कमी होतो. आतली चकती आधीच जळून खड्डे पडलेली असेल, तर त्या कमी जोराने ती बोल्टांवर नीट बसत नाही. थंड झाल्यावर बसते. ही तक्रार थंड गाडीत तपासणारा माणूस "काही दोष नाही" म्हणून गाडी परत देतो, आणि ती संध्याकाळी पुन्हा रस्त्यात उभी राहते. अशा गाडीला मी तापवूनच तपासतो. ज्या सेल्फचा सोलेनॉइड उघडता येतो, त्यात चकती आणि बोल्ट बदलून काम भागतं, अख्खा सेल्फ बदलावा लागत नाही.

सेल्फवर पान्याने हलकेच ठोकलं की गाडी सुरू होते, हा उपाय बहुतेक ड्रायव्हरांना माहीत असतो. झिजलेले कार्बन आर्मेचरवर टेकत नसतील तर ठोक्याने ते जागेवर येतात. रस्त्यात अडकल्यावर हे जरूर करावं. पण ठोकून सुरू झालेली गाडी म्हणजे दुरुस्त गाडी नव्हे. ती घरापर्यंत नेण्याची सवलत असते, आणि ती कधी संपेल याचा भरवसा नसतो.

एका बाबतीत मात्र ना ठोकायचं, ना पुन्हा सेल्फ मारायचा: पाण्यातून काढलेली गाडी. गोदावरीचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं यावरून नाशिककर पूर मोजतात, आणि 2019 च्या ऑगस्टसारखा पूर आला की काठावर उभ्या असलेल्या गाड्या आमच्याकडे येतात. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तिथल्या वायरमनांनी हेच पाहिलं. एकच टक, बत्ती एकदम मंद, म्हणजे इंजिन अडलंय. अडवणारं पाणी असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोर लावून इंजिन फिरवलं, धक्का मारून सुरू केलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचं काम इंजिन खोलण्यावर जातं. प्लग काढायचे, डिझेल असेल तर इंजेक्टर, मग पुलीवर पाना लावून हाताने फिरवायचं. पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं. विम्याच्या साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. ज्यांची गाडी नदीकाठी किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी असते, त्यांनी पावसाळ्याआधी आपली पॉलिसी काढून वाचावी.

आता काकांकडे येतो. अर्थ साफ करून मी पैसे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "एका बोल्टाचे एवढे?" त्यांचं मला नवल वाटलं नाही. याच माणसाने दोन बॅटऱ्यांचे आणि सेल्फ भरण्याचे पैसे घासाघीस न करता दिले होते, कारण तिथे वस्तू हातात मिळत होती. शोधण्याचे पैसे द्यायची आपल्याकडे रीत नाही. चार-पाच हजारांची बॅटरी विकली की मेकॅनिकला कमिशन सुटतं, जुन्या बॅटरीतल्या शिशाचे पैसे येतात, दहा मिनिटांत काम होतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. अर्धा तास मीटर लावून दहा रुपयांचा पॉलिश पेपर वापरणाऱ्याला मात्र "काय केलंस?" असं ऐकावं लागतं. मग नव्या पोरांनी काय शिकायचं? आधी बॅटरी बदलून बघायची, नाही जमलं तर सेल्फ, तरी नाही तर रिले. यातला प्रत्येक अंदाज गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो. याला सगळे मेकॅनिक लबाड आहेत म्हणून चालणार नाही. वस्तूचे पैसे आनंदाने आणि अकलेचे पैसे कुरकुरत देणाऱ्या गिऱ्हाइकानेच हा धंदा असा वळवला आहे.

म्हणून मी तपासणीचे पैसे वेगळे लावतो आणि गाडीला हात लावण्याआधी सांगतो. काही लोक निघून जातात. जे थांबतात, त्यांना मी मीटर दाखवतो, आकडा वाचायला लावतो आणि बिलावर लिहून देतो: उभं व्होल्टेज इतकं, सेल्फ मारताना इतकं, अर्थवर इतकं. खंडेनवमीला पान्यांबरोबर मीटरलाही हळदकुंकू लागतं, ते उगाच नाही.

गाडी असलेल्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे. टर्मिनल हाताने हलवून बघा. हललं तर आधी ते कसून घ्या, पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर गरम पाण्याने धुवा. जंपर केबल लावताना लाल केबलचं एक टोक चांगल्या आणि दुसरं उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला लावा, काळं टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं काळं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या लोखंडाला; बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिच्याजवळ ठिणगी नको. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारू नका. आणि कोणी "बॅटरी गेली", "सेल्फ गेला" म्हणालं तर एकच विचारा: "सेल्फ मारताना किती व्होल्ट राहतात, दाखवा." आकडा दाखवणाऱ्याला तपासणीचे पैसे खळखळ न करता द्या. ज्याला आकडा दाखवता येत नाही, त्याच्याकडून माल घेऊ नका.